टप्पे

यावल स्टँडच्या मागे, गाद्यांच्या दुकानात
रज्जाक पिंजारी मला तारा शिकवतात.
डबल ड्युटी नसेल तेव्हा, चार ते पाच.
अंगावर खाकी, मांडीवर भावाची गिटार,
सुरतेला जाताना तो पलंगाखाली सोडून गेला ती.
एक खुंटी तुटकी, पक्कड लावून पिळते.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वरांची नावं घेतलीच नाहीत.
विचारलं, "तिकीट कसं फाडते व तू?"
म्हटलं, चढला कुठं, उतरणार कुठं,
मधे टप्पे किती.
"गावाचं नाव लागतं का त्याले?"
नाही. पैसे टप्प्याचे.
"मंग झालं. पडदा म्हंजे टप्पा."

तेव्हापासून बसमधे उभ्या उभ्या मोजते.
मध्यम पाच. पंचम सात.
कोणाकडे सुट्टे नसतात, कोणाची कोंबडी सुटते,
बाराव्यावर पुन्हा सा,
तोच, फक्त बारीक आवाजात,
पोरगी बापाच्या तोंडावर जावी तसा.

गिटारच्या तारा पाच-पाच टप्प्यांवर.
एका जागी मात्र चार.
तिथं माझं बोट दर वेळी अडखळतं,
गवंड्यानं एक पायरी
उरलेल्या विटांत उरकावी, तशी ती जागा.
"असं काबरं?"
"हाताची सोय," ते म्हणाले.
"हिशोब हाताले भिऊन असतो."

मग त्यांनी मँडोलिन दिलं.
वीस वर्षं वरातीत वाजलेलं,
पोटावर हळदीचा डाग.
तारा जोडीजोडीनं, सात-सात टप्प्यांवर.
तीन महिने बोटांनी पाठ केलेलं गाव
कोणी रात्रीतून हलवलं होतं.
मला रडू आलं.
कापूस नाकात गेला, असं सांगितलं.

रज्जाकभाईंनी खडूनं खोळीवर गोल काढला.
"आपल्या डेपोत असा रस्ता नाही, पन समज.
बारा टप्पे, फिरून निघाली तिथंच.
इकून गेली तं एक गाव पाचवं.
तिकून गेली तं तेच गाव?"
सातवं.
"गाव बदललं?"

माझ्या वहीतलं पान फाडलं, सहा रेघांचा तक्ता.
पालथं केलं, वरची कड खाली,
आणि दारातल्या उजेडाला धरलं.
शाई पलीकडून उमटली.
बारीक दोन तारांवर त्यांनी अंगठा ठेवला.
उरलेल्या चार मी वाचल्या.
मग मँडोलिन पाहिलं.
मग पुन्हा पान.
परतीच्या फेरीत तीच गावं
रोज उलट्या क्रमानं ओरडते मी,
आणि हे सुचलं नव्हतं.

भिंतीवर त्यांच्या बापाची पिंजण आहे,
माणसाएवढी, मशीन आल्यापासून टांगलेली.
एकच तात. पडदा एकही नाही.
"आता हिच्यावर सांग."
छेडली. धूळ उडाली, मागून एक जाड घुंकार.
गिटारवर शोधला.
चौथ्या पडद्यावर उतरा, पाचव्यावर चढा.

"बाप याच सुरात पिंजायचा.
पयलं मँडोलिन मी हिच्यावरच मिळवलं.
वरातीत सगळा बँड एकीकडे,
मी अर्धा टप्पा पुढे.
मास्तरनं क्लॅरिनेट घालून हानलं."
मग उतरवलंत?
"बँडात उतरवलं."
घरी?
तेवढ्यात कोणी उशी भरायला आलं,
त्यांनी दाभण दातात धरलं.

पाच वाजले. फैजपूरची गाडी लागली.
बोटाला तातेचा वास.
दोन थांब्यांच्या मधे, केळीच्या बागेशेजारी,
पाल्याचा भारा टेकवून एक बाई हात करत उभी होती.
मशीनमधे ती जागा नाही.
मी दोरी ओढली.
मागच्या टप्प्यापासूनचं तिकीट दिलं,
आणि तिला विचारलं,
इथं रोज असता का?